सासऱ्यांसाठी पायऱ्या

“पायऱ्या काय विकत आणायच्या असतात? त्या करायच्या असतात, स्वतःच्या हातांनी!”

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एस्कोने हे जाहीर केलं, तेही अशा थाटात, की जन्मभर कर कार्यालयात बसलेला हा माणूस पाळण्यातूनच रंधा घेऊन उतरला होता असं वाटावं.

तुइया, त्याची बायको, शांतपणे कॉफी ओतत म्हणाली, “मागे तू पक्ष्यांसाठी घर केलं होतंस.”

“मग?”

“पक्षी आले. बघून गेले.”

पण एस्कोच्या मते या वेळची गोष्ट निराळी होती.

गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुइयाचे वडील यालमारी नेहमीप्रमाणे वृद्धाश्रमातून सौनासाठी, म्हणजे घरच्या वाफेच्या स्नानासाठी, आले होते. उभं आयुष्य तलावातल्या बोटींवर काढलेला माणूस. टॉवेल गुंडाळून ते सौनाच्या दारात उभे राहिले, बसायच्या चढत्या फळ्यांमधल्या सर्वांत वरच्या फळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मी बाहेरच बसतो. तसंही मला गरम होतंय.” ते न्हाणीघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. आत एस्कोने तापल्या दगडांवर पाणी टाकलं की बाहेर म्हातारबुवा मान किंचित वर करायचे. वाफ मात्र आतच राहायची. काचेच्या दारातून एस्कोने ते पाहिलं आणि त्या दिवशी त्याला सौना काही लाभला नाही.

तेव्हाच त्याने मनात ठरवून टाकलं. रुंद, बुटक्या पायऱ्या. बाजूला कठडा. पुढच्या नाताळला बाबा वर बसणार!

एका बंद पडलेल्या शाळेच्या कार्यशाळेतून त्याने रंधा मशीन मिळवलं. हिरवं, ओतीव लोखंडाचं आणि एखाद्या गाभण गाईएवढं जड. ते घरी आलं तेव्हा कळलं की त्याला थ्री फेज वीज लागते. अख्ख्या घरात ती एकाच ठिकाणी होती, सौनाचे दगड तापवणाऱ्या भट्टीला.

“मग मशीन सौनात ठेवू,” एस्को म्हणाला.

“आणि भट्टी?” तुइयाने विचारलं.

“भट्टी अंगणात. नाताळपर्यंतच ना!”

तुइया उठून दुसऱ्या खोलीत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की उठून जाणं हेच तिचं मत असायचं.

तिचा धाकटा भाऊ हान्नू वायरमन होता. त्याने भट्टी सोडवून दिली, तिच्या जागी मशीन जोडलं आणि म्हणाला, “दाजी, मी निघाल्यावर सुरू करा. मला साक्षीदार व्हायचं नाही.”

एस्कोने पहिली फळी आत सरकवली. मशीनने ती घेतली नाही, उलट परत फेकली! फळी त्याच्या बगलेखालून सणसणत गेली, न्हाणीघर ओलांडून साबणाच्या कपाटावर आदळली आणि आठवडाभर सगळ्या घराला देवदाराच्या साबणाचा वास येत राहिला. फोनवर हान्नू म्हणाला, “उलटं फिरतंय. दोन तारांची अदलाबदल करतो. तुम्ही ठीक आहात ना?”

“मी ठीक आहे. साबण गेला.”

त्यानंतर मात्र काम सुरू झालं. लाकूड निवडलं अस्पेनच्या झाडाचं. ते तापून अंगाला चटका देत नाही. एकेक पायरी रंधली, घासली, कडा गोल केल्या. भुसा टॉवेलांत गेला, लापशीत गेला, एकदा तर तुइयाच्या पासपोर्टमध्ये सापडला. पण पायऱ्या उठत होत्या! वरच्या फळीपासून खाली, दाराच्या दिशेने, एकीखाली एक. हलतात म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी एस्कोने प्रत्येकीला स्क्रू मारले आणि वर गोंदही लावला. कठडा बसला तेव्हा तो स्वतः चढून वर गेला आणि वरच्या फळीवर बसला.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी हान्नू अवजारांची पेटी घेऊन आला. भट्टी परत जोडायची होती. तो सौनाच्या दारात उभा राहिला. पायऱ्या पाहिल्या. पायऱ्यांपलीकडे कोपऱ्यातलं मशीन पाहिलं. मग दार पाहिलं.

“दाजी, मशीन बाहेर कसं काढायचं?”

दारापासून मशीनपर्यंत सगळी जागा आता रुंद, बुटकी, गुळगुळीत आणि अत्यंत भक्कम झाली होती.

“वरून उचलून?” एस्कोने विचारलं.

“हे? वरून? तुम्ही आणि मी?”

“पायऱ्या सोडवू मग.”

“गोंद लावलाय?”

“भरपूर.”

बारा वाजले. टीव्हीवर दरवर्षीप्रमाणे तुर्कू शहरातून ‘नाताळची शांतता’ पाळण्याची घोषणा झाली. सगळा देश गप्प झाला. एस्कोने विजेची करवत उचलली.

पहिली पायरी कापताना दारावरची घंटा वाजली. शेजारच्या लेम्पिनेनबाई दफनभूमीत लावायच्या मेणबत्त्या हातात धरून उभ्या होत्या.

“शांतता जाहीर झाली. ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग हा आवाज?”

“सौनाचं काम आहे.”

“असं होय,” बाई म्हणाल्या, “नाताळचा सौना राहून कसा चालेल? मग असू दे!” आणि गेल्या.

यालमारी आले तेव्हा शेवटची पायरी दोन तुकड्यांत न्हाणीघराच्या फरशीवर पडली होती. वृद्धाश्रमाच्या टॅक्सीवाल्याने त्यांना दारापर्यंत सोडलं. काठी टेकत ते आत आले.

“हे काय होतं?”

“पायऱ्या, बाबा,” एस्को म्हणाला. “तुमच्यासाठी.”

म्हातारबुवांनी एक तुकडा मागून घेतला. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग उलट दिशेने फिरवला. लेकीच्या लग्नापासून त्यांनी जावयाच्या कुठल्याही वस्तूला असा हात लावला नव्हता.

“गुळगुळीत आहे,” ते म्हणाले.

एस्कोला काहीतरी काम करावंसं वाटलं, म्हणून तो भुसा झाडू लागला.

लोखंडी नळ्यांवरून ढकलत त्यांनी मशीन अंगणातल्या बर्फात नेलं, भट्टी आत आणली. हान्नूने तारा जोडल्या, तुइयाने दगड रचले. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर एकदाचा सौना तापला. यालमारी टॉवेल गुंडाळून दारात आले, वर पाहिलं आणि सवयीने स्टुलाकडे वळले.

“बाबा, थांबा!” एस्को म्हणाला. “आम्ही उचललं तर चालेल का?”

म्हातारबुवांनी काठी स्टुलाला टेकवून ठेवली.

“चालेल की,” ते म्हणाले. “गेल्या वर्षीही चाललं असतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही कुठं विचारलंत?”

एस्को आणि हान्नूने हातांची बैठक केली. यालमारी त्यांच्या गळ्यांत हात टाकून एखाद्या बिशपसारखे ताठ बसले आणि वर गेले. वर टेकल्यावर त्यांनी लाकडी डाव मागितला, दगडांवर पाणी टाकलं आणि डोळे मिटले. चर्रर्र करत वाफ उठली, छताला लागली आणि तिघांच्या पाठींवर उतरली. एस्कोच्या गालांवरून जे ओघळत होतं त्याला तिथे घामच म्हणतात.

बऱ्याच वेळाने यालमारी म्हणाले, “भूक लागली.”

एस्को लगबगीने त्यांना उचलायला वाकला, आणि त्याच्या कमरेत काहीतरी कट्टकन वाजलं! तो वाकलेला तसाच राहिला.

“दाजी?”

“हात लावू नकोस!”

“आडवे होता का?”

“हळू! हळू रे!”

हान्नूने त्याला कसंबसं वरच्या फळीवर आडवं केलं. यालमारींनी जावयाकडे नीट पाहिलं. मग फळीच्या कडेला सरकले, बुडावर एक फळी घसरले, मग दुसरी, आणि हान्नूचा हात धरून फरशीवर उभे राहिले.

“बाबा, तुम्हाला एवढं उतरता येतं?” हान्नूने विचारलं.

“चढता येत नाही मला. उतरायचं कुणी विचारलंय?”

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून हॅमचा वास आला, काट्याचमच्यांचा आवाज आला. एस्को छताकडे बघत पडून होता. बाहेर तुइया विचारत होती, “आणि एस्को?”

“तो वरच आहे,” यालमारींचा आवाज आला. “त्याला खाली यायला पायऱ्या लागतील. पण या वेळी सुताराला सांग.”