दोनशे चिंचोके

आमच्या डोक्यावरच्या भालेरावांनी कुकर लावला की खाली माझ्या घरातला पंखा हलतो. पहिल्यांदा मला भूकंपच वाटला. तरातरा जिना चढून वर गेले, तर हा सेहेचाळीस वर्षांचा बाप्या हातात पळी घेऊन ओट्यासमोर जागच्या जागी धावतोय!

"तीन शिट्ट्या होईपर्यंतच, बाई. तेवढीच प्रॅक्टिस."

"अहो, पण माझा पंखा पडेल डोक्यात!"

"पंख्याचं बघतो ना मी. करू ना मॅनेज!"

हे त्यांचं पालुपद. डोंबिवलीत तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं, पण या माणसाच्या दिवसाचं गणित मला कधी सुटलं नाही. नोकरी शीळफाट्याच्या पुढे एका कंपनीत. बायको वैशाली नर्स, तिची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. आणि घरात ब्याऐंशी वर्षांची आई, आमच्या माई. माईंचं हल्ली विसरणं फार वाढलंय. मागच्या वर्षी लेक दिसेना म्हणून त्याला शोधायला एकट्याच बाहेर पडल्या, त्या दोन तासांनी पार रिक्षा स्टँडवर सापडल्या. तेव्हापासून त्यांना डोळ्यांसमोर कोणीतरी लागतंच. आणि एवढ्या रामरगाड्यात या गृहस्थांनी ठाण्याच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं! तीन तासांच्या आत संपवायची म्हणे.

"सराव कधी करणार? झोपेत?"

"करू ना मॅनेज."

तर मॅनेज असं केलं. माईंना पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसवायचं, मांडीवर चिंचोक्यांचा वाडगा द्यायचा आणि आपण बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायच्या. एक फेरी झाली की माईंनी एक चिंचोका स्टीलच्या डब्यात टाकायचा. फेरी एकशे पाच मीटरची, टेप लावून मीच मोजलीय. म्हणजे दोनशे चिंचोके झाले की शर्यत पुरी. धावता धावताच हा माणूस पाण्याची मोटर बंद करणार, दूधवाल्याकडून पिशवी घेणार, कोणाचा वाळत घातलेला टॉवेल खाली पडला असेल तर तो वर भिरकावणार.

आणि दर फेरीला माई वरून विचारणार, "सुन्या, गॅस बंद केलास का?"

"केला, माई!"

पुढची फेरी. "सुन्या, गॅस बंद केलास का?"

"केला, माई!"

साठ फेऱ्यांना साठ वेळा! आवाजात जरा म्हणून चिडचिड नाही. मी तिसऱ्याच वेळेला खेकसले असते, खोटं कशाला बोलू.

शर्यतीच्या आदल्या दिवशी भालेराव माझ्या दारात उभे. वैशालीची सकाळची ड्यूटी काही बदलून मिळाली नव्हती.

"बाई, उद्या सकाळी माईपाशी बसाल? नाही म्हणालात तर नाही जात. चालेल मला."

चालेल कसलं डोंबल! चेहरा एवढासा झाला होता बिचाऱ्याचा.

"जा हो. आणि पहिले या."

"पहिला नाही, बाई. वेळेत आलो तरी पुष्कळ."

सकाळी माईंना गॅलरीत बसवून चहा दिला. त्यांनी वाडगा मागून घेतला आणि खाली बघत बसल्या. खाली कोण असणार? पाच मिनिटांत चुळबूळ सुरू.

"सुन्या कुठाय?"

"ठाण्याला गेलाय, माई. धावायला."

"ठाण्याला? आणि मोजणार कोण?"

असं म्हणून उठल्याच की चपला शोधायला! हात धरला तर झटकून टाकला. मला तो रिक्षा स्टँड आठवला. शेवटी म्हटलं, "बसा माई, आत्ता येतो तो." त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि पदर खोचून, या दुखऱ्या गुडघ्यांनिशी मीच खाली उतरले.

धावले नाही हो! चालले. फेरी मारून गॅलरीखाली आले आणि वर पाहिलं. माई जागेवर होत्या. डब्यात टण्णकन चिंचोका पडला.

"सुन्या, गॅस बंद केलास का?"

"केला, माई!" मी ओरडले. वॉचमन बघतच राहिला.

दमले की समोरच्या कट्ट्यावर माईंना दिसेन अशी टेकायची, दम आला की पुन्हा उठायची. अशा चौदा फेऱ्या झाल्या, तेव्हा भालेराव गळ्यात मेडल घालून, लंगडत रिक्षातून उतरले.

"झाली?"

"झाली. तीन मिनिटं राखून." धपकन कट्ट्यावर माझ्या शेजारी बसले. "पण बाई, सतराव्या किलोमीटरला पायात असे गोळे आले, बसलोच फुटपाथवर. लोक टाळ्या वाजवतायत, पण विचारत कोणीच काही नाही हो. ते काही मॅनेज होईना. मग उठलो आणि आपला आपणच ओरडत सुटलो, केला माई, केला माई! लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं."

हसता हसता त्यांनी बाहीला डोळे पुसले.

"एक दिवस ती विचारायची थांबेल ना, बाई. त्याची मला फार भीती वाटते."

एवढ्यात वरून हाक आली. माई चिंचोका हातात धरून वाट बघत होत्या.

भालेराव उठले आणि लंगडत फेरीला लागले. त्यांच्या मागोमाग मीही. गॅलरीखाली पोचलो.

"सुन्या, गॅस बंद केलास का?"

"केला, माई!" आम्ही दोघंही ओरडलो.