शनिवारी दहाची भाषा

भाषा कोणती आणि नुसतं बोलणं कोणतं, हे ओळखणं सोपं आहे. जिच्यामागे देश असतो ती भाषा. जिच्यामागे फक्त माणसं असतात ती अडचण. कुर्दी माणसं काही कोटी आहेत, पण तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात वाटून ठेवल्यामुळे त्यांची अडचण चौपट आहे. तुर्कस्तानकडचे बहुतेक कुरमांजी बोलतात, रोमन लिपीत लिहितात. इराककडचे बरेचसे सोरानी बोलतात, अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. एकाचं दुसऱ्याला धड कळत नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कम्युनिटी सेंटरने हा गुंता एका नियमात सोडवला : एका भाषेला शनिवारचा एक तास. कुर्दीचा तास सोरानीवाल्यांनी आधी बुक केला. कुरमांजी शिकवू पाहणाऱ्या रोजदाबाईंना सेंटरने कळवलं की तुमची भाषा इथे आधीच शिकवली जाते, अभिनंदन.

रोजदाबाईंनी तक्रार केली. तेव्हा सल्ला द्यायला, जिच्यात वाद नाही अशा भाषेचा तज्ज्ञ नेमायचं ठरलं. दहाच्या तासाला तिथेच मराठी मंडळाची शाळा भरे. अध्यक्ष सुचेताताई म्हणाल्या, "आमच्यात वादच नाही. पुण्यात बोलतात ते मराठी. बाकीचं ऐकायला गोड लागतं." तज्ज्ञ म्हणून पुरुषोत्तमरावांना पाठवलं. त्यांची बायको सुप्रभा मार्चमध्ये गेली होती, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता (दुसरी पात्रता नव्हती).

सुप्रभा अकोल्याची. मंडळाच्या पहिल्याच दिवाळीत ती म्हणाली, "मी चिवडा करून राह्यली जी," आणि सगळा हॉल प्रेमाने हसला. अपमान कुणीच केला नाही (मंडळात अपमान होत नाही, सुधारणा होते). दर वर्षी सुधारत सुधारत ती इतकी सुधारली, की तिथे बोलायचीच बंद झाली. चहा मात्र उत्तम करायची. शोकसभेत जो तो म्हणाला, "फार अबोल होत्या हो." घरी तिच्या बोलण्यात पुरुषोत्तमरावांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नसत. आता स्वच्छ येतात.

"तुम्ही सगळ्यांची एक भाषा कशी केलीत?" रोजदाबाईंनी विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी सुप्रभाचं सांगितलं. दुसरं उदाहरण त्यांना ठाऊक नव्हतं.

रोजदाबाई म्हणाल्या, "आमची भाषा बंद करायला सरकारला कायदे लागले, पोलीस लागले. तुम्हाला काय लागलं?"

"चहा," पुरुषोत्तमराव म्हणाले. "आणि हसणं."

"मला काही मोठं नको हो, अंकल. माझी आई तिकडून फोनवर एकटीच बोलत बसते. माझी मुलगी नुसतं हॅलो म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. आई थकली आहे. ती आहे तोवर जमलं तर बघा."

पुरुषोत्तमरावांनी शिफारस केली ती अशी : मराठी आता पूर्ण प्रमाण झाली आहे, शिवाय दिल्लीने तिला अभिजातही ठरवलं आहे. तेव्हा ती शिकवण्याची गरज उरलेली नाही. तिचा दहाचा तास कुरमांजीला द्यावा. सेंटरच्या मॅनेजरने लगेच मान्य केलं. मंडळाला ईमेल गेला. मंडळाचे ईमेल कोणी वाचत नाही.

पुढच्या शनिवारी पालकांनी नेहमीप्रमाणे दहा वाजता मुलं दारात सोडली आणि ते कॉफीला गेले. मुलं समोर बसलीच आहेत म्हटल्यावर रोजदाबाईंनी त्यांनाही शिकवलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. एकाही घरातून विचारणा आली नाही. उलट मंडळाच्या ग्रुपवर नव्या टीचरला अंगठे आले.

दिवाळीच्या कार्यक्रमात मायरा, वरद आणि मंडळींनी मोठ्या आवाजात एक कुरमांजी कविता म्हटली. त्यांच्या मधोमध रोजदाबाईंची मुलगी होती. पहिल्या रांगेत रोजदाबाई फोन वर धरून उभ्या होत्या आणि फोनमधली म्हातारी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून रडत होती. कविता संपल्यावर पोरीने फोन हातात घेतला आणि आजीशी बोलत बोलत ती बाहेर निघून गेली.

सभागृहात शब्द कुणाला कळले नाहीत. पण मंडळात मुलांचं मराठी आजवर कुणाला कळलं होतं? सुचेताताईंचे डोळे भरून आले. "काय गोड म्हणतात!" त्या शेजारणीला म्हणाल्या. "जरा वऱ्हाडी वळण आहे, पण सुधारेल."

पुरुषोत्तमरावांनी मागे वळून पाहिलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. तुम्हीही होतात.