मास्तरांच्या पोटऱ्या

एका मंगळवारी टेलरमास्तरांनी शिलाई मशीनची मोटर काढून कपाटात ठेवली आणि पट्टा पुन्हा पायडलला जोडला. केलं ते एवढंच. पण माणसाचं हसं व्हायचं असलं की त्याला फार मोठी तयारी लागत नाही.

"मोटर बिघडली का?" समोर बसून काजं करणाऱ्या बायकोने विचारलं.

"पायडलवर हाताला सफाई येते," मास्तर म्हणाले.

खरं कारण त्यांच्या फोनमध्ये होतं. मागच्या वर्षी मास्तर आणि त्यांचे साडूभाऊ, अशी दोन्ही कुटुंबं समुद्रावर गेली होती. फोटोत एका बाजूला साडूभाऊ. हे पोस्टमन, वीस वर्षं सायकल हाणून कमावलेल्या पोटऱ्या. शेजारी हाफपँट घातलेले मास्तर. आणि घरच्या ग्रुपवर फोटोखाली मेहुणीने लिहिलं होतं, "भावोजींच्या कमरेखाली बघा! हसून हसून मुरकुंडी वळली!" त्याखाली अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले होते. अकरावा खुद्द सासूबाईंचा.

मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. पाय बारीक आहेत हे त्यांना मान्य होतं (जन्मभर दुसऱ्यांच्या फुलपँटी शिवल्या, पण फुलपँटीचे खरे उपकार त्यांच्यावरच होते). मात्र समुद्रावर फुलपँट घालून कोण हिंडतं? दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच जायचं ठरलं होतं. यंदा साडूच्या शेजारी ताठ मानेने उभं राहायचंच, असं मास्तरांनी मनाशी पक्कं केलं.

पायडल सुरू झालं. मग फोनवरच्या व्यायामाच्या व्हिडिओत एका बाईने रोज शंभर उठाबशा सांगितल्या. उघड काढाव्या तर बायको कारण विचारणार. तेव्हा त्या दुकानातच, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता काढायच्या असं ठरलं. पँटीची उंची घ्यायला खाली बसावं लागतंच. एकदा बसायचं तिथे दहादा बसायचं.

शाळेचे हेडसर ट्रायलला आले होते. पँट कच्च्या टाक्यांची.

"मास्तर, काही सांडलंय का खाली?" सहाव्या उठाबशीला त्यांनी विचारलं.

"नाही सर. उंची पक्की करतोय."

"सहा वेळा?"

"कापड आटतं, सर."

"अहो, मी अजून यात उभा आहे!"

सातव्यांदा मास्तर बसले आणि बसलेच. मांड्यांनी साफ नकार दिला. उठायला आधार हवा म्हणून त्यांनी समोर जे हाताला लागलं ते धरलं, आणि कच्च्या टाक्यांनी आपला धर्म पाळला. हेडसर अर्धा तास पडद्यामागे बसले होते. त्यानंतर ते दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागले.

मास्तर आठवडाभर घराचा जिना उलटा उतरत होते. बायको म्हणाली, "गुडघे धरलेत. डॉक्टरला दाखवा." मास्तरांनी दात ओठ खाऊन मान हलवली, पण माघार घेतली नाही. रोज सकाळी पोटरीला टेप लावायची आणि मशीनमागच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. आकडा खरंच वाढत होता! पायडलवर त्यांचा जोर उजव्या पायाचा, त्यामुळे उजवा पाय जरा जास्तच मनावर घेऊन भरला.

निघायच्या दिवशी त्यांनी मागच्या वर्षीचीच हाफपँट बॅगेत टाकली.

"तीच कशाला? दुसरी घ्या ना," बायको म्हणाली.

"तीच! लोकांना फरक कळला पाहिजे."

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही."

वाळूवर पाऊल टाकल्या टाकल्या साडूभाऊंनीच दाद दिली. "वा मास्तर! पोटऱ्या आल्या की!" मास्तरांना दोन महिन्यांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मेहुणी आली, तिने एकदा पाहिलं आणि पोट धरून खालीच बसली.

"आता काय राहिलं हसायला?" मास्तर भडकले. "रक्ताचं पाणी केलंय मी! पोटऱ्या बघ, मांड्या बघ!"

"भावोजी, तुमच्या पायांना कोण हसतंय? ते बरे होते की! ही चड्डी कुठल्या शिंप्याने शिवली तेवढं सांगा. डावी बाजू गुडघ्याखाली, उजवी गुडघ्यावर!"

मास्तरांनी खाली पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपल्या टेपला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून स्वतःचं माप त्यांनी स्वतःच, वाकून वाकून घेतलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"मागच्या वर्षीच. पण तुमच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं की तुम्ही दोन दिवस जेवत नाही. मग कशाला बोलू?" ती जवळ आली, खाली वाकून तिने बोटांनी अंदाज घेतला आणि हळूच म्हणाली, "तेव्हा फरक दोन बोटांचा होता हो. आता उजवी मांडी भरलीय ना, कापड वर चढलंय. चांगला चार बोटांचा झालाय."

फोटोची वेळ झाली तेव्हा मास्तरांनी आधी स्वतःला कमरेपर्यंत वाळूत पुरून घेतलं. तरी ग्रुपवर यंदा पहिला हसरा चेहरा सासूबाईंचाच आला.