अर्धा तास आणि अर्धे डोके

रस्त्यावर पांढरे पट्टे आखून गाड्यांच्या जागा मोबाईलवरून आरक्षित करण्याची पद्धत सुरू झाली आणि उस्तादांच्या केशकर्तनालयातील खुर्चीवर गिऱ्हाइकाऐवजी धूळ बसू लागली. पूर्वी माणसे सहज गाडी थांबवून आत शिरत. आता जागा राखल्यावाचून कोणी फिरकेना. दुकानाला टाळे लागण्याची पाळी आली, तेव्हा उस्तादांनी युक्ती योजिली. जो फोन करील त्याच्यासाठी दारासमोरची जागा आपणच अर्धा तास राखून ठेवावयाची.

या योजनेचे पहिले फळ म्हणजे एक तरुण मास्तर, जुनेच गिऱ्हाईक. कायम नोकरीसाठी त्यांची त्याच दुपारी मुलाखत होती. परंतु उस्तादांची जीभ सुटली की कात्री थांबत असे. मेहुण्याने शेजाऱ्याच्या कुत्र्याचे केस कापल्याचा किस्सा ऐन रंगात आला असता बाहेर हॉर्न वाजला. मास्तरांचे डोके अर्धेच झाले होते.

"काका, आमची वेळ सुरू झाली. गाडी काढायला सांगा!" मोटारीतून एक बाई ओरडल्या.

"ताई, पाचच मिनिटं!"

"माझे वडील आहेत सोबत. त्यांना लांबून चालवत नाही हो."

मास्तरांनी आरशात पाहिले. उजवीकडून साहेब, डावीकडून अस्वल!

"उस्ताद, हे असं घेऊन जाऊ मुलाखतीला?"

"तुम्ही गाडी चालवा, मी शेजारी बसतो."

मागच्या खोलीतून टॉवेल घेऊन आलेली उस्तादांची पत्नी थक्क झाली. "अहो, आणि दुकान?"

"तू बघ!"

गाडी निघाली. आसपासची एकही जागा मोकळी नव्हती. तेव्हा जिथे लाल दिवा, तिथे कात्री, असा क्रम सुरू झाला.

"मास्तर, मान हलवू नका."

"मग वळू कसा?"

शेजारच्या स्कूटरवाल्याने आत डोकावून विचारले, "दाढीपण होते का हो?"

शाळेच्या फाटकाशी शेवटची बट उतरली. मास्तरांनी गाडीच्या आरशात दोन्ही बाजू न्याहाळल्या. "उस्ताद, इतकी झकास कटिंग तुम्ही आजवर केली नव्हती!"

"बोलायला उसंत कुठे मिळाली!" उस्ताद खिन्नपणे म्हणाले.

खांद्यावर कापड टाकून ते धापा टाकीत पायीच परतले. पाहतात तो खुर्चीत त्या बाईंचे वृद्ध वडील, गळ्याभोवती टॉवेल लावून, राजासारखे बसलेले!

"मीच बसवून ठेवलं," पत्नी म्हणाली. "आपल्याकडेच यायचं होतं त्यांना."

बाई मोबाईल पाहत चुळबुळत होत्या. "काका, लवकर आटपा. आपली वेळ संपत आलीये."

"तू गप गं," म्हातारबुवा म्हणाले. "केस आहेत कुठे मला? मी यांच्या गप्पा ऐकायला आलोय. हां उस्ताद, सुरुवातीपासून येऊ द्या."

उस्तादांनी घड्याळाकडे पाहिले, बाहेरच्या मोटारीकडे पाहिले आणि कात्री खिशात घालून अदबीने विचारले,

"ताई, तुमच्या गाडीची पुढची सीट मागे झुकते ना?"