भिंतीपलीकडचे कंट्रोलर

आमचे शेजारी उत्तमराव जोगदंड सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं काढून सांगतात, "आत्ताच तेलगावला जाऊन आलो, सर. आता जरा चौसाळ्याला चक्कर टाकतो." तेव्हा त्यांच्या अंगात बनियन असतं, दाढी अर्धी झालेली असते आणि त्यांची स्कूटर अंगणात कव्हर पांघरून उभी असते. कव्हरवर चिमण्यांनी जे काही करून ठेवलंय ते बघता ती स्कूटर गेल्या दिवाळीपासून हललेली नसावी.

ते आमच्या कॉलनीत नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारबा थापाडे दिसतात. मी इथं अंबाजोगाईत ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि स्वतः दरवर्षी पुराव्याशिवायच बोलतो. पण या वेळी मी पेपर वाचायचं सोंग करून ओट्यावरून दिवसभर पाळत ठेवली. काका फाटकाबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी भिंतीवरून म्हणाले, "तेलगावला आज लई गर्दी व्हती."

"काका, पण तुम्ही गेलात कधी? आणि कशानं?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, तुमी अजून गाडीनंच जाता का कुठं?"

मग खुलासा झाला. काका जन्मभर एसटीत होते, बीडच्या स्टँडवर कंट्रोलर. काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागलीय ते माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर पुण्याच्या मुलानं त्यांना एक कॉम्प्युटर दिला आणि त्यावर एक फुकटची सोय दाखवून दिली. काही डाउनलोड करायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही. दोघांनी आपापल्या ब्राउझरमध्ये एकच पान उघडायचं, समोरच्यानं त्याच्या पडद्यावर आलेला कोड सांगायचा, की त्याचा कॉम्प्युटर आपल्या ताब्यात. त्याच्या पडद्यावरचा बाण आपल्या हातानं फिरतो. तेलगावला काकांच्या मेहुण्याचं खताचं दुकान आहे. चौसाळ्याला त्यांचा जुना ड्रायव्हर दोस्त शेखभाई हायवेला झेरॉक्सचं दुकान चालवतो. यांचं काही अडलं की काका इथून 'जातात' आणि दुरुस्त करून 'येतात'. आत शिरण्याआधी ते फोनवर मोठ्यानं खाकरतात.

"खाकरायचं कशाला, काका?"

"दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हंजे बायामानसं असतेत, सर."

ज्या मुलानं ही विद्या शिकवली त्याच्या कॉम्प्युटरवर मात्र ते कधी जात नाहीत. "त्याचा हापिसचा हाय. परवानगी न्हाई," एवढंच म्हणतात.

यथावकाश माझाही नंबर लागला. माझं आणि कॉम्प्युटरचं पहिल्यापासून पटत नाही. एकदा कसलं तरी बटण दाबलं गेलं आणि अख्खा पडदा उलटा झाला. मी मान वाकडी करून सहामाहीची प्रश्नपत्रिका पूर्ण केली, तेव्हा कुठं बायकोनं विचारलं की हा काय प्रकार आहे. मी भिंतीवरून हाक मारली, "काका, जरा येता का?"

"येतो. कोड सांगा."

"अहो, इथं या ना. भिंतीला भिंत तर आहे."

"कोड सांगा, सर."

मी खिडकीतून कोड ओरडलो. तो सगळ्या कॉलनीनं ऐकला. समोरच्या वहिनींनी तर नंतर विचारलं, कसला नंबर लागला म्हणून. काका याबाबतीत फार कडक आहेत. "कोड फक्त मला द्यायचा. फोनवर दुसऱ्या कुणी मागितला तर थेट पोलिसात जायचं." कोड गुप्त ठेवायचा आणि भिंतीवरून ओरडायचा, या दोन्ही नियमांचं मी आजवर काटेकोर पालन करत आलोय.

काकांची सगळी भाषा स्टँडवरची. "गाडी फलाटावर लावा" म्हणजे ब्राउझर उघडा. "प्रवाशांनी हात आत घ्यावेत" म्हणजे माऊस सोडा. मला तो सोडवत नाही. कुणी आपल्या कॉम्प्युटरवर काम करत असताना नुसतं बघत बसायचं हे शिक्षकाच्या स्वभावात बसत नाही. मी बाण इकडे ओढतो, ते तिकडे ओढतात, आणि फोनवरून आवाज येतो, "सर, दोन ड्रायव्हर एका गाडीत न्हाई चालत." खरं तर त्यांचा स्वतःचा बाणही कधी सरळ चालत नाही. झिंगल्यासारखा झोकांड्या खात जातो. मी एकदा विचारलंही, "काय काका, सकाळी सकाळी?" तर म्हणाले, "रस्ता खराब हाय."

एकदा माझी कविता पडद्यावर उघडी राहिली होती. मी कविता करतो हे घरात कुणाला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते तसं दाखवत नाहीत. काकांनी खाकरून आत पाऊल टाकलं आणि बाण त्या कवितेवर थांबला. "सर, ही अर्धीच हाय. कावून थांबलात?"

"सुचत नाही पुढचं."

"मंग डेपोत लावा," असं म्हणून त्यांनी ती बंद केली. साहित्याच्या क्षेत्रात माझ्यावर झालेली ही एकमेव समीक्षा.

काम नसलं तरी दुपारभर भिंतीपलीकडून त्यांची उद्घोषणा ऐकू येते. "बीड-वडवणी-तेलगाव-परळी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." खणखणीत आवाज, शब्द न् शब्द सुटा. कॉलनी हसते. म्हणते, नोकरी सुटली पण माईक सुटला नाही. मी स्टाफरूममध्ये त्याची नक्कल करतो आणि टाळ्या घेतो. इतिहास शिकवून मला त्या कधी मिळाल्या नाहीत.

आता चहाचं सांगतो, कारण खरी गोष्ट चहाची आहे. काका पहिल्यांदा आमच्या कॉम्प्युटरवर आले तेव्हा मी माऊस सोडला आणि काय करावं न सुचून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कुणी आपल्या घरात काम करायला आलं की मध्येमध्ये करू नये, एवढंच मला कळत होतं. मंदा, म्हणजे माझी बायको, आतून आली. तिनं फोनवरचा काकांचा आवाज ऐकला, बाण फिरताना पाहिला आणि सरळ चहा आणून कॉम्प्युटरसमोर ठेवला.

"अगं, हे काय?" मी दारातून विचारलं.

"घरात मानूस आल्यालं हाय. चहा नको?" मग तिलाच हसू आलं. तो चहा मी प्यायलो. पण तेव्हापासून काका आले की कॉम्प्युटरसमोर एक कप ठेवायची आमच्या घरात रीतच पडली, आणि तो दर वेळी मीच पितो. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यावर मंदानं काकांच्या येण्याजाण्याला दोष दिला.

पण काका स्वतः, दोन पायांवर, आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. हुरड्याला बोलावलं. "ड्यूटी हाय, सर." मुलीच्या साखरपुड्याला मी स्वतः भिंतीवर चढून आमंत्रण दिलं. आले नाहीत. हॉलमध्ये पडद्यावर जे फोटो दाखवायचे होते ते मात्र भिंतीपलीकडे बसून त्यांनीच सरकवले. शेवटच्या फोटोनंतर 'दोघांना जय भीम, सुखी राहा' असं मोठ्या अक्षरात उमटलं आणि व्याह्यांनी मला विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, शेजाऱ्यांनी. ते म्हणाले, मग ते जेवायला कुठं आहेत?

मंदाला लागलं ते. "आपल्या घरचा चहा चालत न्हाई का त्यांना?" काकू तर दिसतही नसत. त्या तेलगावच्या शाळेत बाई होत्या, म्हणून थोड्या तोऱ्यात असतील, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. मला रिकाम्या खुर्चीसमोर निवणारा तो कप बघवेना. या माणसाला एकदा तरी माझ्या खुर्चीत बसवून चहा पाजायचाच, असा मी हट्टच धरला. मी मुद्दाम अवघड बिघाड करून पाहिले. म्हणजे मी नेहमीसारखंच काम केलं. काका भिंतीपलीकडूनच सगळं निस्तरत राहिले.

मे महिन्यातली दुपार होती. मला कॉलेजचं काही पाठवायचं होतं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. मी कोड ओरडलो. खाकरणं ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडलो. मग म्हटलं, आता हाताला धरूनच आणतो, आणि चपला सरकवून त्यांच्या फाटकातून आत गेलो. दार लोटलेलं होतं.

काका कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून काकू बसल्या होत्या. काकांचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून त्या झोपल्या होत्या. काकांनी डाव्या हातात माऊस धरला होता आणि पडद्यावरचा बाण झोकांड्या खात चालला होता. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच 'गप्प' अशी खूण केली.

पण माझ्या चपलेचा आवाज झाला होता. काकू दचकून उठल्या. ज्याचा हात धरला होता त्याच्याकडे न बघता खोलीभर बघत म्हणाल्या, "हे कुठं हायत? गाडी गेली का?"

काका त्यांच्याकडे वळले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "बीड-वडवणी-तेलगाव-परळी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

काकूंचा चेहरा निवळला. मला पाहुणा समजून त्यांनी सांगितलं, "ड्यूटीवर हायत ते." आणि पुन्हा खांद्यावर मान टाकली.

मी तिथंच उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि स्टाफरूममधल्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"मी मोरीत गेलो तरी हुडकत निघती," काका खालच्या आवाजात म्हणाले. "बीडला असताना डबा घिऊन स्टँडवर गेलती. मी तवा घरीच व्हतो, रिटायर झालेला. मंग घर बदललं. माझा आवाज आला की तिला वाटतं, सगळं जिथल्या तिथं हाय."

"आम्हाला सांगितलं कावून नाही, काका?"

"लोक येडी म्हंतेत, सर. अर्धं तेलगाव तिच्या हाताखाली शिकलं. तिला कुणी येडी म्हणल्यालं मला न्हाई सोसायचं." जरा थांबून म्हणाले, "आन् मला बी मानूस लागतंच की. असं बसल्या जागी चार घरं फिरून येतो. तुमचं काही बिघडलं की बरं वाटतं."

"मग काळजी नको. माझं रोज बिघडतं."

ते हसले. मी म्हटलं, "मी बसतो इथं. तुम्ही आमच्याकडे जाऊन चहा पिऊन या."

"उठली तर?"

"उद्घोषणा मला पाठ आहे." कशी ते सांगितलं नाही.

बरीच ओढाताण झाली. शेवटी काकांनी आपला हात हळूच सोडवला आणि माझा हात तिथं दिला. शर्ट घातला, केस विंचरले. चपला कॉटखाली पार भिंतीशी गेल्या होत्या, त्या ओढून काढल्या. फाटकापाशी दोनदा मागं वळून पाहिलं. थोड्या वेळानं माझ्या घराच्या खिडकीतून त्यांची हाक आली, "सर, माझ्या कॉम्प्युटरचा कोड सांगा!"

मी त्यांच्या पडद्यावरचा कोड सगळ्या कॉलनीला ऐकवला. पलीकडून खाकरणं ऐकू आलं. त्यांच्या पडद्यावर बाण हलला आणि सरळ रेषेत चालू लागला.

काकू जाग्या झाल्या. हातातल्या माझ्या हाताकडे पाहिलं. मी घाईघाईनं सुरू केलं, "बीड-वडवणी-तेलगाव..." आणि आवाज फाटला. स्टाफरूममध्ये कधी फाटला नव्हता.

"नवीन हायत का तुमी?" काकूंनी विचारलं.

"हो बाई. बदलीवर आलोय."

"आन् साहेब?"

पडद्यावर एक कोरं पान उघडलं. त्यावर मोठमोठी अक्षरं उमटत गेली. 'शांता, शेजारी सरांकडं चहाला आलोय. बसू का जरा?'

काकूंनी शब्दांखालून बोट फिरवत, पोरांना शिकवावं तसं, मोठ्यानं वाचलं. मी पुढची उद्घोषणा करायच्या तयारीत होतो. तेवढ्यात त्या अगदी साध्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बसा म्हणावं निवांत. लई दिवसांनी कुणाच्या घरी गेलेत. माझ्यापायी कुठं जात न्हाईत ते."

मी एका हातानं, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी सांगितलं तसंच खाली टाईप केलं.

पडद्यावरचा बाण त्या ओळीपाशी येऊन थांबला. त्यानंतर कितीतरी वेळ तो हललाच नाही.