पित्ताचे कारण घरीच शोधावे

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत सहा वर्षे ठेकेदाराकडे राबणाऱ्या भैरूच्या अंगावर मंगळवारी ऐन कामाच्या वेळेत पुन्हा पित्त उठले. मानेपासून पोटापर्यंत लाल गांधी, आणि त्यासाठी कोणाचीही पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. तो पावडर विभागात होता. पावडर पित्तावरच्याच गोळीची होती.

"काल काय खाल्लं होतंस?" कंपनीच्या डॉक्टरांनी विचारले.

"वांगं. पण सायेब, पावडर उडली की मगच उठतंय."

"अरे, आपण पित्तावरचं औषध बनवतो. त्यानं पित्त उठेल कसं?"

डॉक्टरांनी छापील तक्ता पुढे केला. वांगे, अंडी, शेंगदाणे, ऊन, लोकर, चिंता अशी सगळी कारणे त्यात होती. पावडरीला रकाना नव्हता. महिनाभरात कारण सापडून दूर झाले तर तंदुरुस्तीचा दाखला आणि भैरू पर्मनंट, न सापडले तर अनफिट आणि घरी.

घरात तपास सुरू झाला. वांगे बंद झाले, पित्त उठले. शेंगदाण्याची चटणी गेली, कोंबड्या शेजारी गेल्या, उन्हाला छत्री आली, पित्त कामावर वेळेत हजर. मग लोकरीचा रकाना आला. घरात लोकरीची एकच वस्तू होती, आजोबांची घोंगडी.

"आरं, पित्त उठल्यावर हिच्यातच गुंडाळत्यात," आई म्हाळसाबाई कडाडली. "ही पित्त घालवती, आणती न्हाई!"

पुराव्याअभावी घोंगडीची रवानगी गोठ्यात झाली. पित्त तरीही उठले.

शेवटी भैरूची बायको साधना स्वतः डॉक्टरांपुढे उभी राहिली. "सायेब, रविवारी ह्यांना पित्त उठत न्हाई. रविवारी तर हे दिसभर घरातच असत्यात. मग घरातलं कारण कसं?"

डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली. तक्त्यात आता चिंतेचा एकच रकाना उरला होता.

"बरोबर. रविवारी तुम्ही समोर असता, म्हणून चिंता नसते. बाकी सहा दिवस तुमची आठवण येते. कारण सापडलं!"

त्यांनी 'चिंता' खोडून 'पत्नी' लिहिले. कारण दूर केल्याशिवाय दाखला मिळणार नव्हता. भैरूला लाज वाटली, साधनाकडे बघवेना. सही मात्र त्याने केली.

साधना तळेगाव ढमढेऱ्याला माहेरी निघाली. जाताना तिने गोठ्यातली घोंगडी झटकून खांद्यावर घेतली. "दोन्ही कारणं घिऊन चाललीया," ती म्हणाली. "आता सुखानं खाजवा."

भैरू पर्मनंट झाला. सत्कारात हार गळ्यात पडला आणि त्याखाली टरारून गांधी उठल्या. डॉक्टरांनी खिशातून गोळी काढून दिली. कंपनीचीच होती. अर्ध्या तासात गुण आला, टाळ्या पडल्या, आणि भैरू पुन्हा पावडरीत गेला.

तीच गोळी तुमच्याही फ्रिजवरच्या डब्यात असेल. अंगावर पित्त उठले की तुम्ही ती घेता, खाज थांबते, आणि तुम्ही घरच्यांना सांगता, काल वांगे खायला नको होते.