बटनाचा मान

आमच्या गावात लिनक्स कळणारा माणूस एकच, आणि तो मी! हे माझं मीच सांगावं लागतं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं झालं तर लिनक्स म्हणजे काय हे त्याला आधी मलाच विचारावं लागेल.

मी धम्मदीप. आदिलाबादकडच्या बाजारहत्नूर मंडळात, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यात, एका सरकारी मराठी शाळेत मास्तर आहे. इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात येऊन हॉर्न वाजवायला लागली आणि आमचा पट झडायला लागला. यंदा तो वाढला नाही तर शाळा बंद! मुलं लांबच्या तेलुगू शाळेत आणि आम्ही मास्तर धाडतील तिकडे. हेडमास्तर पांडुरंगराव तर येताजाता भिंतीवरच्या नकाशात बदलीची गावं शोधत असायचे.

अशा वेळी आदिलाबादच्या एका ऑफिसनं टाकून दिलेले दहा कंप्यूटर मी शाळेत आणले. डबे वहीएवढे, आत हार्ड डिस्कसुद्धा नाही. त्यांना थिन क्लायंट म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कुपोषित! मग इकडून तिकडून सामान जमवून मी एक दांडगं मशीन बांधलं, त्यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम चढवली आणि तिथून दहा जणांना तारा ओढल्या. डोकं चालवायचं ते या एका सर्व्हरनं. बाकीच्यांनी फक्त दाखवायचं. चूल एक, पंगत दहा पानांची!

दहाही पडद्यांवर बाराखडी उमटली तेव्हा पांडुरंगराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अन् लाइट गेली तं?"

"बॅटरी लावली ना सर!"

"उंदरानं वायर कुरतडली तं?"

"पाइपात घातली!"

वीज, उंदीर, धूळ, गळकं छत, सगळ्यांचा मी बंदोबस्त केला होता. माणसांचा तेवढा राहिला.

मंडळाच्या शिक्षणाधिकारी साहेबांना उद्घाटनाला बोलावलं. पालकांनाही आवतण दिलं. साहेबांनी चांगला रिपोर्ट दिला आणि पालकांनी चार पोरं घातली की शाळा वाचली! क्लायंट एकेक करून उठतात, वेळ लागतो, म्हणून मी सकाळीच सर्व्हर सुरू करून ठेवला. साहेबांनी फक्त कापडी पडदा बाजूला सारायचा, असं ठरलं होतं.

पाहुण्यांना आणायला वेशीपर्यंत जाऊन आलो, तर सर्व्हरच्या गळ्यात झेंडूचा हार आणि बटनावर कुंकू!

"सर, हे काय?"

"उद्घाटन मनलं का बटन आलंच," पांडुरंगराव म्हणाले.

"पण ते चालू आहे!"

"असू द्या ना. साहेबाचं बोट लागलं पायजे फक्त!"

मी आणखी काही बोलणार तोच ढोल वाजायला लागला. साहेब आले, हसले, आणि बटन दाबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्व्हर बिचारा शिस्तीचा, बटन दाबलं की बंद व्हायचं एवढंच त्याला ठाऊक! दहाही पडदे थिजले आणि काळे पडले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे फोटोसाठी समोर बघत होते.

मी पुन्हा सुरू करायला वाकलो, तर माजी सरपंच सुधाकरराव आडवे आले.

"आमी काय नुसत्या टाळ्या वाजवाले आलो का?"

त्यांनी बटन दाबलं. मशीन चालू! मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो. पण तेवढ्यात आत्ताच्या सरपंच बयनाबाई पदर खोचून उठल्या.

"काऊन हो मास्तर? माजी सरपंचाले बटन, अन् मले नुसती खुर्ची?"

आणि दाबलं! बंद.

"बाई, आत्ताच चालू झालं होतं हो!" मी कळवळून म्हणालो.

"मंजे? त्यायनं दाबलं तं चालू, अन् बाईमानसानं दाबलं तं बंद? हे घ्या!" त्यांनी पुन्हा दाबलं. चालू! बायकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"त्यायचं दोनदा, अन् माहं एकदाच?" सुधाकररावांनी धावत येऊन हिशेब बरोबर केला. बंद!

आता गावाला मानाचा विषय सापडला होता. बटनासमोर रांग लागली. पोलीस पाटील, दूध डेअरीवाला, शाळेच्या दारात चपला काढून आलेले पालक. मशीन उठायचं, डोळे चोळायचं, की पुढचं बोट त्याला झोपवायचं! मी पांडुरंगरावांना खुणा करून करून थकलो. ते रांग सरळ करत होते.

सगळ्यांत शेवटी विठाबाई आल्या. त्यांचे दोन नातू पिवळ्या बसमध्ये बसायच्या बेतात होते.

"गुरुजी, मी बी दाबू का?"

अख्खा पट माझ्यासमोर लुगडं नेसून उभा होता. नाही कसं म्हणणार!

"दाबा, आजी!"

त्यांनी हात लुगड्याला पुसला, मशीनला नमस्कार केला आणि हळूच बटन दाबलं. मशीन गप्प झालं ते झालंच. मी कितीही दाबलं तरी ढिम्म हलेना.

"गुरुजी," आजी म्हणाल्या, "त्या इंग्लिस शाळेत आमाले गेटाच्या आत येऊ देत नाई. तुमी मशीनले हात लावू देल्ला. नातवायचे नाव लिवून घ्या."

त्यांचं ऐकून आणखी चार घरं पुढे आली. पांडुरंगरावांनी भिंतीवरचा नकाशा तिथल्या तिथे गुंडाळला.

साहेबही खूश होते. काळ्या पडद्यांच्या रांगेतून ते सावकाश फिरले, एकाही पडद्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि माझी पाठ थोपटत आपल्या दखनी हिंदीत म्हणाले, "रिपोर्ट फर्स्ट क्लास देता मैं! तुम्हारा स्कूल कोई नहीं बंद करता!"

मी हात जोडले. मग त्यांनी बोटानं मशीनं मोजली. "कागज पे तो दस हैं ना? ये बड़ा वाला ज्यादा है. हमारे ऑफिस को होना."

ड्रायव्हरनं सर्व्हर हारासकट उचलला. मी जीपपर्यंत मागे धावलो. "सार, सार! सगळं काम तेच करतं! ते गेलं तर हे दहा चालणार कसे?"

साहेबांनी जीपमधूनच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आज भी कहाँ चल रहे थे, मास्टर? फिर भी प्रोग्राम कितना अच्छा हुआ!"